नागनाथआप्पांची भिंत

वालूरच्या बाजारगल्लीत नागनाथआप्पांची पिठाची गिरणी होती, आणि त्या गिरणीत कुणी रांग मोडली की शिट्टी वाजायची. कानात दडे बसतील अशी. आपला डबा हळूच पुढं सरकवणारी बाई जागच्या जागी थिजायची आणि आप्पा गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडायचे, "लाइन तोडायची न्हाई! जहाजावर असतीस तर आज अख्खा डेक पुसून घेतला असता!" बाई तोंडाला पदर लावून हसायची, डबा मागं घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा पुढं सरकवायची.

आप्पा आता नाहीत. पण ड्युटीवर कुठंही शिट्टी वाजली की माझी नजर अजून आधी गिरणी शोधते.

आप्पा आमच्या गावातल्या लिंगायत घरातले. सगळे भाऊबंद दुकानदार, कुणाचा किराणा, कुणाचं कापड. ह्यांनी मात्र तरुणपणी घरात कुणाला न विचारता नेव्हीच्या भरतीत नाव घातलं आणि निघून गेले. पाव्हणे म्हणे त्यांच्या वडिलांना विचारायचे, "नागनाथ समुद्रावर काय विकतो?" सगळी नोकरी करून, जगभरची बंदरं बघून माणूस परत आला तो थेट वालूरला, आणि टाकली काय तर पिठाची गिरणी. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, भुवयांवर पीठ. म्हणायचे, "नेव्हीनं पांढरा ड्रेस काढून घेतला, म्या गिरणीतून परत मिळवला."

घरात त्यांचं अजून जहाजच चालू होतं. ओसरी म्हणजे डेक. स्वयंपाकघर म्हणजे गॅली. पाटी लावली नव्हती एवढंच. त्यांच्या बायकोला अख्खं गाव आक्का म्हणायचं. त्या शांतपणे म्हणायच्या, "लय मोठं जहाज हाय आमचं. फकस्त नळाला पाणी आठ दिवसाला येतंय."

आणि त्यांना गाठींचं वेड. खाटेला, पडद्याला, सायकलच्या कॅरिअरला, जिथं दोरी दिसेल तिथं आप्पा गाठ मारून ठेवायचे. एकदा शेजाऱ्याची म्हैस सुटून गल्लीत आली. आप्पांनी धरून बांधली आणि जिंतूरला लग्नाला निघून गेले. धारेच्या वेळी मालकाला ती गाठ सुटेना. त्यानं ओढली, त्याच्या पोरानं ओढली, बायकोनं दातानं ओढली. शेवटी कासरा कापला. आप्पा परत आले ते म्हशीचं विचारायचं सोडून कासऱ्याचं दुःख करत बसले. "आरं, ती गाठ ओढून सुटत न्हाई. उलटी ढकलायची असती. तुमी ओढीत बसलाव आन् वर मलाच बोलायलाव!"

मी ह्या माणसाच्या दारात गेले ती नेव्हीतली निवड झाल्यावर. आमचं घर मेंढरांचं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा वर्षातला निम्मा काळ कळपामागं रानोमाळ. मी बारावी झाल्यावर अग्निवीरचा फॉर्म भरला तेव्हा चुलता म्हणाला होता, "भरू दे, कुठं लागायलीय." लागले तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण लगेच त्यानं दुसरं काढलं. पाथरीकडचं एक स्थळ त्यानं धरून ठेवलं होतं. म्हणाला, "जाऊ दे. परत आली की उडवून देऊ बार." परत आली की! जणू मी एसटीनं बाजाराला चालले होते.

आणि परत येण्याची भीती मलाही होतीच. पळण्यात मी कमी नव्हते, मेंढरामागं जन्म गेलेला. पण पाणी? कंबरेच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकायचा. ट्रेनिंगमध्ये पोहणं आलंच पाहिजे असं सगळे सांगत होते.

"आप्पा, माझं सिलेक्शन झालं नेव्हीत," मी गिरणीत ओरडून सांगितलं.

आप्पांनी गिरणी बंद केली. चालती गिरणी त्यांनी बंद केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. "खरं बोलायलीस?" म्हणत ते आत धावले आणि मूठभर गूळ आणून माझ्या तोंडात कोंबला. मग विचारलं, "पोहाया येतंय?"

"न्हाई. तेच शिकवा म्हणून आले."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "पळायचं सांग. दोरावर चढायचं सांग. पाण्याचं माझ्याकडं नगं मागूस, पोरी." आणि गिरणी चालू केली. पुढं काही बोलायची सोयच ठेवली नाही.

का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आधी बाळू गेला होता नेव्हीत. आप्पांचा पट्टशिष्य. आमच्या गावात जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी आहेत. त्यातल्या एका गोल बारवेत आप्पांनी त्याला पोहायला शिकवलं. पाठीला भोपळा बांधण्यापासून ते वरच्या पायरीवरून मुटका मारण्यापर्यंत. बाळू असा पोहायचा की बघायला माणसं जमायची. आणि तोच बाळू ट्रेनिंगमधून परत आला. पोहण्यात बसला नाही म्हणून. एकदा मागं ठेवून पुन्हा संधी दिली, तरी नाही. आता तो सेलू-वालूर जीप चालवतो.

मी त्याच्याच जीपमध्ये त्याला विचारलं. तो हसून सांगायला लागला, पण हसू डोळ्यात नव्हतं. "बारवंत कुठं बी असलं तरी चार हात मारले की भिंत. तिथल्या टाकीत मधोमध गेलो आन् बाजूला बघितलं, तर भिंत लय लांब. हातपाय ऐकंनातच. आन् दुसरं म्हंजे मी सरळ जायचोच न्हाई गं! बारवंत गोल गोल फिरायची सवय. आपोआप वळायचो आन् बाजूच्या पोराला जाऊन धडकायचो. तिथले उस्ताद म्हणायचे, ह्याला कुणी शिकवलं?" गिअर टाकत तो म्हणाला, "म्या आप्पाचं नाव सांगितलं न्हाई कधी."

त्यानंतर आप्पा बारवेकडं फिरकले नाहीत. बाळूच्या जीपमध्ये बसले नाहीत. सेलूला जायचं तर एसटीची वाट बघत फाट्यावर उभे राहायचे. बाळूची जीप समोर थांबली की घड्याळात बघायचे.

मी रिकाम्या हातानं घरी आले. पण गिरणीतल्या बायांनी मला नंतर सांगितलं, मी गेल्यावर आक्का गॅलीतून बाहेर आल्या आणि भर गिरणीत म्हणाल्या, "आवो, त्या लेकराचं झालं ते झालं. म्हणून हिला बी घरी बसवायलाव व्हय? मंग तिच्या चुलत्यात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास आमच्या दारात शिट्टी वाजली. कुत्री उठली, मेंढरं उठली, चुलता धोतर सावरत बाहेर आला. आप्पा लुनावर बसलेले. "रंगरूट, बाहेर या!"

त्या दिवसापासून जाण्याच्या दिवसापर्यंत माझं नाव रंगरूट. सारिका म्हणून त्यांनी हाक मारलीच नाही.

आधी जमिनीवरचं सुरू झालं. मी पुढं पळायची, आप्पा मागून लुनावर. "दम लागला म्हणून थांबायचं न्हाई! दम लागायसाठीच तर पळायलाव!" एकदा फाट्याच्या अलीकडं लुनातलं पेट्रोल संपलं. मला वाटलं सुटले. तर आप्पा लुना बाभळीला टेकवून, लुंगी खोचून माझ्यासोबत पळायला लागले आणि पळता पळता शिट्टी वाजवायलाही चुकले नाहीत. कडुलिंबाला विहिरीचा नाडा बांधून त्यावर चढायचं. पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीभोवती फिरायचं. जोरबैठका काढताना आप्पा मोजायचे आणि मध्येच मुद्दाम आकडा विसरायचे. "कुठवर आलो होतो गं? ध्यानात न्हाई. पयल्यापासून घे." मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की आठवलं तर आज लाज वाटते, आणि हसूही येतं.

ट्रॅकपँट घालून पोरगी पळते म्हणून पानटपरीवर एकानं टोमणा मारला. आप्पांनी लुना वळवली. "चल, हिच्यासंगं फाट्यावर पळ. तू आधी पोचलास तर ही उद्यापसून घरात बसंल." तो गडी चारचौघांत मागं कसा हटणार? पळाला. शाळेच्या वळणावर पोट धरून खाली बसला. आप्पा त्याच्याजवळ थांबून अगदी प्रेमानं म्हणाले, "घरी जा बाबा. तुझं दळण झालंय कालच, घिऊन जा." नंतर पानटपरी गप्प झाली.

मग पाणी. बारवेचं नाव आप्पांनी काढलंच नाही. आम्ही दुधना नदीच्या बंधाऱ्यावर जायचो, वरच्या अंगाला, जिथं पाणी साठून निवांत असतं. सोबत आक्का. पोरीच्या जातीला बोल लागायला नको म्हणून त्या काठावर तूर निवडत बसायच्या आणि तिथूनच हुकूम सोडायच्या. "आवो, लेकराचे ओठ निळे पडलेत, काढा बाहेर!" आप्पा म्हणायचे, "जहाजाचा कॅप्टन कोण हाय?" आक्का म्हणायच्या, "मीच हाय. काढा."

मी तरंगायला शिकले. हात मारायला शिकले. पण बंधाऱ्याच्या दगडी भिंतीच्या कडेनं. बोटभर अंतर ठेवून जायची, आणि जरा घाबरले की भिंत धरायची. आप्पांना वाटलं पोरगी पोहायलीय. मग एक दिवस ते काठावरून बघता बघता उभे राहिले. शिट्टी ओठात तशीच. "भिंतीशी लगीन लावलंस का गं?" ते ओरडले. त्या दिवशी त्यांनी वेळेआधीच लुना चालू केली. मला कळत होतं, त्यांना माझ्यात बाळू दिसायला लागला होता. जायचे दिवस जवळ आले होते आणि मला चुलत्याचं ते "परत आली की" झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

आता मेंढरांचं सांगते. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. दादा आणि आमची माणसं कळप बंधाऱ्यावर आणतात, एकेक मेंढरू उचलून पाण्यात टाकतात, आणि ते पोहत पलीकडच्या काठाला निघतं. हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. आप्पांना वाटलं. ते दादांना म्हणाले, "हिला बी टाका."

दादा हबकले. "काय बोलायलाव आप्पा?"

"मेंढरू बग. भिंत कुठं हाय इचारतंय का? म्होरल्याच्या ढुंगणाकडं बगतंय आन् निघतंय. हिनं तेच करायचं."

बाळूही आला होता. त्याला कुणी बोलावलं मला माहीत नाही. आक्कांनी बोलावलं असणार. जीपच्या चाकाची फुगवलेली ट्यूब घेऊन तो गुपचूप पाण्यात उतरला आणि बाजूला तरंगत राहिला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं.

मी कळपात शिरले. चहूबाजूंनी ओली लोकर, फुरफुर, आणि तो वास. म्होरलं मेंढरू हनुवटी वर करून चाललेलं. मी त्याच्या मागं. मला खरंच भिंत आठवली नाही. पायाखाली चिखल लागला तेव्हा कळलं, पलीकडं आलेय. दादांनी मेंढरं मोजायच्या आधी लांबूनच मला डोळ्यांनी चाचपून घेतलं. आप्पा ओरडले, "पोचलीस तर सांगायचं कुणी? रिपोर्ट दे!"

"पोचले!" मी ओरडले.

"आता परत ये. मेंढरं तिकडंच ऱ्हाऊ द्या."

मी निघाले. आणि मध्यावर आल्यावर व्हायचं तेच झालं. मान वळली. भिंत दिसली. लांब. छाती आवळली, पाय जड झाले, नाकात पाणी गेलं. बाळू जवळ सरकला पण त्यानं हात पुढं केला नाही. मी काठावर आप्पांना शोधलं. "आप्पा!" म्हणून किंचाळले.

आप्पांनी पाठ फिरवली. माझ्याकडं पाठ करून, रानाकडं तोंड करून, मांडी घालून बसले.

आक्का तूर सांडत उठल्या. "आवो, बघा तिकडं! पोरगी बुडायलीय!"

"न्हाई बघणार," आप्पा म्हणाले. "ती मला धरायलीय. मी बी भिंतच झालो न्हवं?"

मला असा राग आला म्हणून सांगू! इतका राग मला चुलत्याचाही आला नव्हता. त्या पाठीला जाऊन धरून हलवायचंच असं ठरवून मी हात मारायला लागले. एक हात, दुसरा हात, ती पाठ, तो बनियन, त्यावरचा पिठाचा डाग. दुसरं काही दिसत नव्हतं. काठ लागला. मी चिखलातून सरपटत वर गेले, त्यांचा खांदा धरला आणि त्यांच्या कानात बोंबलले, "पोचले!"

आप्पांनी वळून बघितलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि शिट्टी तोंडातच असल्यामुळं रडताना ती बारीक बारीक वाजत होती. मला हसावं का रडावं कळेना. आक्का म्हणाल्या, "आता तरी काढा ती तोंडातून."

घरी जाताना आप्पा लुना बंधाऱ्यावरच सोडून बाळूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. बाळूनं गिअर टाकला. सगळ्या रस्त्यानं गाडी एवढी जपून चालवली की आक्कांनाच विचारावं लागलं, "डिझेल संपलं का रे?"

निघायच्या दिवशी सगळे परभणी स्टेशनला आले. आक्कांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आप्पांनी माझी बॅग ओढून घेतली आणि दोरीनं आवळून त्यावर त्यांची गाठ मारली. "सुटली तर सोड. न्हाई तर काप." गाडी हलली तरी उपदेश नाही, आशीर्वाद नाही. नुसते ताठ उभे. त्यांच्या मागं बाळू तसाच ताठ उभा.

ओडिशातल्या नेव्हीच्या ट्रेनिंग सेंटरला पहिल्याच दिवशी सगळ्या पोरी माझ्या बॅगेला झोंबल्या, कुणाला गाठ सुटेना. मी उलटी ढकलली. पुढचे दिवस काय होते ते सांगत बसत नाही. पहाटेचं पळणं, दुखणारे पाय, ओरडणारे उस्ताद. ओरडण्याची मला सवय होती. पोहण्याच्या परीक्षेला टाकीत उडी मारली, मध्यावर आले, आणि मान वळायला लागली तेव्हा डोळ्यासमोर तो बनियनवरचा पिठाचा डाग आणला. सरळ गेले. हात टेकवला तो पलीकडच्या टोकालाच, आणि सवयीनं मोठ्यानं ओरडले, "पोचले!" उस्ताद म्हणाले, "किसको बता रही है?"

मी पास झाल्याचं कळवायला फोन केला तर आक्काच बोलल्या. "सांगते त्यांना. जरा पडलेत." खरं कुणी सांगितलं नाही. आप्पांना लकवा मारला होता, उजवं अंग गेलं होतं, परभणीच्या दवाखान्यातून आणून ठेवलं होतं. त्यांनीच म्हणे खुणेनं सांगितलं होतं, पोरीला कळवायचं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पहिल्या सुट्टीत. बाळूच्या जीपमधून पांढऱ्या ड्रेसमध्येच थेट गिरणीवर उतरले. गिरणी आक्का चालवत होत्या, गळ्यात शिट्टी. मला बघून त्यांनी ती वाजवली, गिरणी बंद केली आणि मग मला कवटाळून रडल्या. सगळा ड्रेस पिठानं भरला.

आप्पा आत ओसरीवर होते. डाव्या हातानं भिंत धरून एकेक पाऊल सरकत होते, उजवा पाय फरपटत. रोज असंच चालतात, आक्का म्हणाल्या. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट पट्टा उमटला होता. मी समोर जाऊन सॅल्यूट केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. लई वेळ ओठ हलले.

"भिंत?" ते म्हणाले.

"न्हाई आप्पा. हात लावला न्हाई. सरळ गेले."

त्यांनी मान हलवली. स्वतःच्या हाताकडं, भिंतीकडं बघितलं. आणि हात काढला.

"आवो!" आक्का धावल्या. आप्पा हलत होते, मध्ये उभे, दोन्हीकडं काही नाही. त्यांची नजर माझ्यावर खिळली होती. माझे दोन्ही हात पुढं झाले होते. ती नजर मी ओळखली. अशीच नजर घेऊन मी दुधनेच्या पाण्यातून काठाकडं बघितलं होतं.

मी पाठ फिरवली.

"अगं धर की त्यांना! सारिका!" आक्का ओरडत होत्या. मी गिरणीकडं तोंड करून उभी राहिले. रडू आवरत नव्हतं, पण वळले नाही. मागं चप्पल फरशीवर घासत होती. थांबायची. पुन्हा घासायची. बाहेर रांगेतल्या बाया डबे खाली ठेवून दाराशी आल्या होत्या. एकदा आवाज इतका वेळ थांबला की मी डोळे गच्च मिटून घेतले.

मग माझ्या खांद्यावर हात पडला. जड, पिठाच्या वासाचा.

"पोचलो," आप्पा म्हणाले.